कर्करोगाचे औषध : शोध समाजाचा, मालकी मक्तेदारांची

औषधांच्या किमतींचा प्रश्न निघाला की मक्तेदार कंपन्यांचे प्रवक्ते आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणारी भांडवलदारी वृत्तपत्रे एक ठरीव युक्तिवाद पुढे करतात. नवे औषध शोधणे हे अफाट खर्चाचे व जोखमीचे काम आहे. ते काम कंपन्या करतात. म्हणून वीस वर्षांची मक्तेदारी हा त्यांचा न्याय्य मोबदला आहे. तो नाकारला तर संशोधनाचा झरा आटेल आणि उद्याचा रुग्ण औषधावाचून मरेल. या युक्तिवादाचा सरळ अर्थ असा की, आज जो रुग्ण किमतीपायी मरतो आहे त्याने उद्याच्या रुग्णासाठी निमूटपणे मरावे. दुर्दैवाने हा युक्तिवाद आपल्याही काही मित्रांना अर्धामुर्धा पटलेला असतो. ‘किंमत जास्त आहे हे खरे, पण संशोधन त्यांनीच केले ना?’ असा प्रश्न कामगारांच्या सभांतूनही विचारला जातो. त्याला घोषणेने नव्हे, तर वस्तुस्थितीने उत्तर दिले पाहिजे.

त्यासाठी प्रतिपक्षाला सर्वांत अनुकूल असलेलेच उदाहरण घेऊ. इमॅटिनिब, म्हणजेच नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे ‘ग्लिव्हेक’, हे औषध आधुनिक औषधशास्त्राचा मानबिंदू समजले जाते. कर्करोगाला कारणीभूत होणारे एक विशिष्ट बिघडलेले प्रथिन हेरून नेमक्या त्याच प्रथिनाला निकामी करणारा रेणू येथे जाणीवपूर्वक घडवण्यात आला. कंपन्यांचे समर्थक अभिमानाने ज्याचे नाव घेतात त्या या औषधाचा इतिहासच त्यांचा दावा कसा खोडून काढतो, हे पाहण्यासारखे आहे.

दोषी प्रथिनाचा माग

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असल्याचे आढळले. त्याला त्या शहराचेच नाव पडले. ते आखूड का, याचा उलगडा १९७३ साली शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली यांनी केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेले होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी दाखवून दिले की, या अदलाबदलीत नवव्या गुणसूत्रावरील ‘एबल’ नावाचे जनुक बाविसाव्यावरील ‘बीसीआर’ या जनुकाला जाऊन चिकटते आणि त्या जोडजनुकापासून निरोगी शरीरात कधीही नसणारे एक जोडप्रथिन तयार होते.

हे प्रथिन करते काय? मूळ एबल प्रथिन हे पेशीतील एका बटणासारखे आहे. पेशीच्या ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपी या रेणूपासून ते फॉस्फेटचा एक गट घेते आणि इतर प्रथिनांवरील टायरोसिन या घटकावर बसवते; हाच ‘वाढ, विभाजित हो’ असा इशारा असतो. निरोगी पेशीत हे बटण गरजेनुसार चालू आणि बंद होते. जोडप्रथिनात मात्र ते बंद होण्याची सोयच उरत नाही. इशारा अखंड चालू राहतो आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत जातात. प्रथिनातील टायरोसिनवर फॉस्फेट बसते हेच मुळी १९७९ साली कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर यांना आढळले. एबल या जनुकाचा धागा तर त्याहून मागे जातो. अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९७० साली वर्णन झालेल्या, उंदरांना कर्करोग जडवणाऱ्या एका विषाणूच्या अभ्यासातून तो हाती आला. १९९० साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने हे जोडजनुक उंदरांत घालून दाखवले, आणि केवळ त्यानेच रोग होतो हे सिद्ध केले. गुन्हेगार निःसंशय निश्चित झाला.

आता वाचकांनी हिशोब करावा. १९६० ते १९९० ही तीस वर्षे. रोगाचे कारण शोधणे, त्यामागील प्रथिन हुडकणे, त्याची कार्यपद्धती उलगडणे आणि तेच दोषी असल्याचा पुरावा देणे, ही सारी कामे विद्यापीठांत, सरकारी संस्थांत आणि सार्वजनिक निधीवर व देणग्यांवर चालणाऱ्या प्रयोगशाळांत झाली. कोणत्या प्रथिनावर नेम धरायचा हे समाजाने शोधून दिले. कंपनीच्या वाट्याला आले ते बाण घडवण्याचे काम.

बाण घडवणारे हात

ते काम क्षुल्लक होते असे म्हणणे असत्य ठरेल, आणि असत्याच्या आधाराने कामगारवर्गाचा पक्ष मजबूत होत नसतो. बासेल येथील सिबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान, एलिझाबेथ बुखडुंगर आदी शास्त्रज्ञांनी केलेली कामगिरी खरोखर मोठी आहे. अडचण अशी होती की, मानवी शरीरात एबलसारखी सुमारे पाचशे प्रथिने आहेत आणि ती सारी एटीपीचाच वापर करतात. एटीपी बसण्याची खाच बुजवणारा रेणू सर्वांनाच बंद पाडील, तर रोगाबरोबर रोगीही जाईल, असे अनेक जाणकारांचे मत होते. या रसायनज्ञांनी एक साधा मूळ रेणू घेतला आणि एकेक बदल करीत त्याला आकार दिला. एका ठिकाणी कार्बनचा लहानसा मिथिल गट जोडताच नको असलेल्या एका प्रथिनावरील परिणाम नाहीसा झाला आणि एबलवरील कायम राहिला. दुसऱ्या टोकाला नायट्रोजनयुक्त वलय जोडल्यावर तो पाण्यात विरघळू लागला, म्हणजे तोंडाने घेण्याजोगा झाला. अशा तऱ्हेने एटीपीच्या खाचेत बसून बटण बंद पाडणारा रेणू सिद्ध झाला. ओरेगन येथील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी रोग्यांच्या पेशींवर त्याची कसोटी घेतली. त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले.

परंतु बाण तयार असूनही तो सोडायला कोण कचरत होते? दुसरे तिसरे कोणी नव्हे, तर कंपनीच. या रोगाचे रुग्ण थोडे, म्हणून बाजारपेठ लहान, म्हणून नफा अनिश्चित, हा तो सुप्रसिद्ध ‘जोखीम पत्करण्याचा’ बाणा! १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस जन्माला आली, तरी औषधाचे गाडे रेंगाळतच होते. ड्रुकर यांना पाठपुरावा करावा लागला. माणसांवरील चाचणी जून १९९८ मध्ये एकदाची सुरू झाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्ताची स्थिती पूर्ववत झाली. यानंतर औषधाचा पुरवठा वाढवावा म्हणून तीन हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचे निवेदन रुग्णांना कंपनीकडे पाठवावे लागले. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली ती मे २००१ मध्ये.

तेव्हा या औषधाचे निर्माते कोण? चाळीस वर्षे निरनिराळ्या देशांत राबलेले शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळांना पैसा पुरवणारी करदाती जनता. पगारावर काम करणारे कंपनीतील रसायनज्ञ. आणि निष्पन्न काय होईल हे ठाऊक नसताना आपले शरीर चाचणीला देणारे रुग्ण. उत्पादन सामाजिक आहे. विनियोग मात्र खाजगी आहे. भांडवलशाहीच्या ज्या मूलभूत विसंगतीविषयी आपण अभ्यासवर्गांतून बोलतो, ती एका गोळीत इतकी स्वच्छ क्वचितच दिसावी.

एका शब्दाचे राजकारण

भारतात या कंपनीने पेटंट मागितले ते तरी कशावर? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या कायद्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवून दिले होते की, भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या हाती होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर येथे उत्पादनच होत नव्हते. म्हणजे पेटंटाचा उपयोग वस्तू बनवण्यासाठी नव्हे, तर इतरांना बनवू न देण्यासाठी होत होता. या अहवालातून १९७० चा पेटंट कायदा आला आणि १९७२ पासून तो अंमलात आला. औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाही, फक्त बनवण्याच्या कृतीवर, हे त्याचे सूत्र. या सूत्राच्या बळावर भारत जगातील गरिबांचा औषध-कारखाना बनला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून हे सूत्र आपल्या हातून गेले.

तथापि ते जाताना एक ढाल शिल्लक राहिली. २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी डाव्या पक्षांनी आणि आरोग्य चळवळीने संसदेत व संसदेबाहेर दिलेल्या लढ्यामुळे कायद्याच्या तिसऱ्या कलमातील ‘ड’ हे उपकलम आजच्या कडक स्वरूपात आले, आणि पेटंट देण्यापूर्वीच त्याला आक्षेप घेण्याचा नागरिकांचा अधिकारही टिकला. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप सापडले आणि त्यामुळे त्याच्या ज्ञात परिणामकारकतेत वाढ झाली नाही, तर ते पेटंटपात्र नाही, असा या उपकलमाचा आशय आहे.

भाषांतराचे काम करणाऱ्याला येथे थबकावे लागते. इंग्रजी कायद्यात ‘डिस्कव्हरी’ आणि ‘इन्व्हेन्शन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत त्यांना ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असे सरळ प्रतिशब्द आहेत. आपण मराठीत मात्र अमेरिकेचाही शोध लावतो आणि वाफेच्या यंत्राचाही शोधच लावतो. ‘आविष्कार’ हा शब्द आपण कलेसाठी राखून ठेवला आहे. भाषेतील ही सरमिसळ निरुपद्रवी आहे. कंपन्यांच्या वकिलांनी केलेली सरमिसळ मात्र हेतुपुरस्सर असते. जे आधीपासून होतेच आणि केवळ आढळले, ते ‘आम्ही निर्माण केले’ म्हणून त्याभोवती कुंपण घालायचे, ही त्यांची रीत. उपकलम ‘ड’ हे याच फसवणुकीच्या वाटेवर उभे केलेले नाके आहे.

इमॅटिनिबचा मूळ रेणू १९९३ मधल्या शोधाचा. त्यावर भारतात पेटंट मिळणे शक्य नव्हते. म्हणून १९९८ साली चेन्नई येथे अर्ज दाखल झाला तो त्याच औषधाच्या क्षाराच्या एका स्फटिकरूपावर, ‘बीटा’ रूपावर. २००३ साली कंपनीला भारतात एकट्याने विक्री करण्याचा हक्क देण्यात आला. एका महिन्याच्या औषधाची किंमत होती सुमारे १,२०,००० रुपये. भारतीय कंपन्या तेच औषध सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत देत होत्या. आणि हे औषध महिनाभर घेऊन थांबता येत नाही; बहुसंख्य रुग्णांना ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. गिरणीकामगाराने, शिक्षकाने, शेतमजुराने दरमहा सव्वा लाख रुपये आणावेत तरी कोठून?

मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णसाहाय्य संस्थेने आणि काही भारतीय उत्पादकांनी अर्जाला आक्षेप घेतला. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने मग कायद्यावरच हल्ला चढवला. उपकलम ‘ड’ घटनाबाह्य आहे हा तिचा दावा मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये अमान्य केला. २००९ साली अपील मंडळानेही तिला पेटंट नाकारले. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला की, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. नवे रूप शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाते असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु त्यामुळे रोगावरील गुण वाढतो, असे तिने सिद्ध केले नव्हते. पेटंट नाकारले गेले.

भाकिते आणि वास्तव

या निकालानंतर कंपनीने आणि तिच्या कैवाऱ्यांनी जी हाकाटी केली ती अनेकांना आठवत असेल. भारतात नव्या संशोधनाला उत्तेजन उरणार नाही, रुग्णांचेच नुकसान होईल, इत्यादी. वास्तवात काय घडले?

इमॅटिनिबमुळे रोग आटोक्यात येतो, पण काही रुग्णांत दोषी प्रथिन पुन्हा बदलते. प्रथिनसाखळीतील ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन येते, खाचेचा आकार पालटतो आणि औषध तेथे बसेनासे होते. हा बदल २००१ मध्येच वर्णिला गेला होता. त्याच्यावर मात करणारे पोनॅटिनिब २०१२ साली आले. आणि एटीपीची खाच सोडून प्रथिनाच्या वेगळ्याच कप्प्यात बसणारे ॲसिमिनिब हे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते कोणी आणले? भारतात ‘उत्तेजन गमावलेल्या’ त्याच नोव्हार्टिस कंपनीने! भारतात पेटंट नाकारले गेल्याने संशोधनाचा झरा आटला नाही. आटला तो फक्त एका अवाजवी नफ्याचा ओघ.

दुसरे भाकीत असे की, किंमत ही संशोधनाच्या खर्चावरून ठरते. तसे असते तर खर्च वसूल झाल्यावर ती उतरायला हवी होती. अमेरिकेत २००१ साली या औषधाचा वार्षिक खर्च सुमारे ३०,००० डॉलर होता. २०१२ साली तो सुमारे ९२,००० डॉलरवर गेला. रेणू तोच, गोळी तीच, संशोधनाचा खर्च केव्हाच फिटलेला. किंमत तिप्पट का झाली? कारण ती खर्चावरून ठरतच नाही. रोग्याला जगण्याची किती निकड आहे यावरून ती ठरते. २०१३ साली या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन अशा किमतींचा जाहीर निषेध केला. ते तज्ज्ञ कम्युनिस्ट नव्हते. ते फक्त आपल्या रोग्यांकडे पाहत होते.

तिसरा युक्तिवाद दानधर्माचा. कंपनी भारतातील हजारो रुग्णांना औषध फुकट देत होती, मग तक्रार कशाची? ज्यांना ते मिळाले त्यांचे प्राण वाचले, याचा आनंदच आहे. परंतु दान हे देणाऱ्याच्या अटीवर मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीने थांबते. कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवते. आणि त्याच दानाचा दाखला देऊन ती न्यायालयात मक्तेदारीची मागणी करते. जगण्याचा हक्क मागणाऱ्या माणसाच्या हाती भिक्षापात्र देण्याची ही युक्ती शोषकवर्गाइतकीच जुनी आहे.

ढाल पुरेशी नाही

येथवरचा वृत्तांत विजयाचा आहे. पण विजयाच्या समाधानात राहणाऱ्यांनी पुढचे चित्र पाहावे.

के-रास हे कर्करोगाला चालना देणारे आणखी एक प्रथिन. रास कुळातील प्रथिनात बाराव्या स्थानावरील ग्लायसिन हा एकच घटक बदलला तरी पेशी कर्करोगाकडे वळू शकते, हे १९८२ मध्ये कळले. मात्र औषध बसेल अशी खाच त्यावर दिसत नव्हती. तीस वर्षे हे प्रथिन औषधाला दाद न देणारे मानले गेले. २०१३ साली, म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला त्याच वर्षी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत केव्हन शोकट यांच्या गटाने दाखवून दिले की, बाराव्या स्थानी सिस्टीन आलेल्या रूपात एक लपलेला कप्पा आहे आणि रेणूला त्या सिस्टीनशी कायमचे जोडून तेथे अडकवता येते. पुन्हा एकदा सार्वजनिक विद्यापीठ! त्या मार्गाने जाणारे सोटोरासिब हे ॲमजेन कंपनीचे औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले तेव्हा त्याची किंमत महिन्याला सुमारे १७,९०० डॉलर ठेवण्यात आली. पुढील तुलनात्मक चाचणीत जुन्या केमोथेरपीच्या औषधाने फुप्फुसाचा कर्करोग ४.५ महिने आटोक्यात राहिला, तर या औषधाने ५.६ महिने, एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. विज्ञानाच्या दृष्टीने दार उघडले आहे, हे निर्विवाद. पण किंमत औषधाच्या गुणावरून ठरते असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावे.

अशा नव्या रेणूंच्या बाबतीत उपकलम ‘ड’ कामी येत नाही, कारण ते जुन्या पदार्थाच्या नव्या रूपापुरतेच आहे. रेणू खरोखर नवा असेल तर २००५ नंतर त्यावर पेटंट मिळते. तेथे कायद्यात दुसरे शस्त्र आहे, सक्तीच्या परवान्याचे. ९ मार्च २०१२ रोजी भारत सरकारच्या पेटंट नियंत्रकांनी ते एकदा वापरले. बायर कंपनीचे सोराफेनिब हे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकले जात होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना मिळाला, आणि बायरला स्वामित्वशुल्क देण्याची तरतूदही झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये बायरचे म्हणणे ऐकून घेण्यास नकार दिला. कायदा स्पष्ट, न्यायालय अनुकूल, फरक तीस पटींचा! आणि तरीही हा परवाना आजवर पहिला आणि शेवटचाच ठरला आहे. म्यानातून कधीच न निघणारे शस्त्र शत्रूला भीती घालीत नाही.

उलट म्यानच गंजवण्याचे काम चालू आहे. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापारकरार झाला. १५ मार्च रोजी पेटंटाचे नवे नियम जारी झाले. पूर्वी पेटंटधारकाला आपले पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरले की नाही याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागे; आता तीन वर्षांतून एकदा. पूर्वी पेटंटपूर्व आक्षेप कोणालाही विनाशुल्क घेता येत असे. आता त्याला शुल्क आहे आणि तो दाखल करून घ्यायचा की नाही हे आधी नियंत्रक ठरवणार. ज्या वाटेने मुंबईची रुग्णसंस्था ग्लिव्हेकच्या खटल्यात शिरली, तीच वाट अरुंद केली जात आहे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात तर औषधे उपलब्ध करून देण्याचा इष्ट मार्ग म्हणजे कंपन्यांचे ऐच्छिक परवाने, असे तत्त्व मान्य करण्यात आले आहे. पेटंटधारकाच्या मर्जीला तत्त्वाचा दर्जा दिला गेला!

सरकार आपल्या बचावात २०२४ च्या अर्थसंकल्पाकडे बोट दाखवते. तीन कर्करोग-औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्यांत बदललेल्या ईजीएफआर प्रथिनावरील ओसिमर्टिनिबही होते. रुग्णाला पैशाचीही सवलत मिळाली तर तिला आपला विरोध नाही. पण सीमाशुल्क हा किमतीचा लहानसा भाग असतो. मक्तेदारीचा नफा हा मोठा भाग असतो. लहान भागावर सरकारने आपला हक्क सोडला आणि मोठ्या भागाला हात लावला नाही. याचे नाव औषधनीती नव्हे.

आपल्या बाजूचा भ्रम

एक भ्रम आपल्याही बाजूचा आहे. तो दूर केला पाहिजे. नॅटको वा सिप्ला यांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांशी झुंज दिली, म्हणून देशी भांडवलदार हा जनतेच्या आरोग्याचा विश्वासू रक्षक ठरत नाही. त्याला नफा दिसतो तेथवर तो झुंजतो. जेथे परकीय कंपनीशी भागीदारी अधिक लाभदायक, तेथे तो तह करतो. स्वस्त औषधांचा पाया त्याने एकट्याने घातलेला नाही. १९५४ साली पिंपरीला सुरू झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, सोव्हिएत साहाय्याने ऋषिकेश व हैदराबाद येथे उभे राहिलेले आयडीपीएलचे कारखाने आणि सरकारी प्रयोगशाळा यांनी या देशाला औषधनिर्मितीचे कसब आणि कसबी माणसे दिली. त्या उद्योगांचे पुढे काय झाले? डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि या सार्वजनिक कंपन्यांच्या जमिनी विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. ज्या जमिनीवर औषध पिकत होते ती जमीनच विकायला काढली!

म्हणून केवळ ‘पेटंट नको’ एवढी घोषणा पुरेशी नाही. ज्ञान समाजाने निर्माण करायचे तर ते औषधात उतरवण्याची साधनेही समाजाच्या हाती असली पाहिजेत. टाटा मेमोरियलसारखी सार्वजनिक रुग्णालये, विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पुनरुज्जीवित सार्वजनिक औषध-कारखाने यांची साखळी बांधल्यावाचून प्रत्येक नव्या रेणूसाठी आपण मक्तेदाराच्या दारी उभे राहणार.

यातून तातडीच्या मागण्या निघतात. २०२४ चे पेटंट नियम मागे घ्या आणि पेटंटपूर्व आक्षेपाचा अधिकार पूर्ववत करा. कर्करोगाच्या पेटंटबद्ध औषधांवर सक्तीचे परवाने द्या. सरकारी वापरासाठी पेटंट हाती घेण्याची कायद्यातील तरतूद अंमलात आणा. उपकलम ‘ड’ला धक्का लावणारा कोणताही व्यापारकरार संसदेच्या मंजुरीशिवाय करू नका. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर खाजगी मक्तेदारी देऊ नका. सार्वजनिक औषध-उद्योगाच्या जमिनी विकणे थांबवा आणि तेथे कर्करोगाची औषधे बनवा.

पक्षसभासद मुंबईत असोत की इंदुरात, बडोद्यात असोत की हैदराबादेत, हा विषय तज्ज्ञांचा म्हणून त्यांनी बाजूला ठेवू नये. प्रत्येक कामगार वस्तीत असे एखादे तरी घर आहे, जेथे औषधाच्या चिठ्ठीपायी दागिने, जमीन किंवा भविष्यनिर्वाह निधी संपला आहे. त्या घरात जाऊन सांगितले पाहिजे की, आजारपण नशिबाचे असेल, पण औषधाची किंमत नशिबाची नाही. ती माणसांनी ठरवलेली आहे आणि माणसांना ती बदलता येते. १ एप्रिल २०१३ रोजी ती एकदा बदलली गेली. बिघडलेल्या प्रथिनाचे बटण कसे बंद करायचे ते विज्ञानाने शिकवले आहे. नफ्याचे बटण बंद करण्याचे काम विज्ञान करणार नाही. ते संघटित जनतेचे काम आहे.